गमऱ्यांचा दातेरी कागद

गमऱ्यांच्या घरून शिडी आणायची असली, तरी आधी कागद कापावा लागे.

म्हणजे असं. तुम्ही पहिल्या मजल्यावर त्यांचं दार वाजवायचं आणि सांगायचं की बल्ब बदलायचाय, जरा शिडी द्या. गमरे शिडीकडे न जाता टाइपरायटरकडे जायचे. एकाच कागदावर तोच मजकूर दोनदा उमटायचा, वर एकदा आणि खाली एकदा: 'लाकडी शिडी एक, पायऱ्या सात, पैकी तिसरी हलते. घेणार श्री. अमुक. परत बुधवारी.' मग शिंप्याची असते तसली मोठी काळी कात्री निघायची आणि दोन मजकुरांच्या मधून कागद वेडावाकडा, करवतीच्या पात्यासारखा कापला जायचा. वरचा तुकडा तुम्हाला, खालचा त्यांना. बुधवारी शिडी परत नेली की दोन्ही तुकडे टेबलावर एकमेकांना भिडवून बघायचे. दातात दात बसले की ते फायलीत तसेच जोडून चिकटवायचे आणि म्हणायचे, "व्यवहार पूर्ण."

आमच्या बिल्डिंगमधली काही कुटुंबं अंधारात जेवायची, पण शिडी मागायला जायची नाहीत.

"इंडेंचर," गमरे समजावून सांगत. "मुळात जाऊ या. डेंट म्हणजे दात. दाताचा डॉक्टर डेंटिस्ट, त्यातलाच. पूर्वी विलायतेत एकाच चामड्यावर करार दोनदा लिहायचे आणि मधून असा दातेरी कापायचे. उद्या कोणी खोटा कागद घेऊन आला तर त्याचे दात बसायचे नाहीत. आणि एकट्यानेच लिहून द्यायचा कागद असला तर कडा सरळ कापायचे. त्याला म्हणायचे डीड पोल. पोल म्हणजे भादरलेला."

दुसऱ्या मजल्यावरच्या साळवीकाकू ब्लाउज शिवायच्या. त्यांच्याकडे कापडाची कड नागमोडी कापणारी कात्री होती. बिचाऱ्यांनी प्रेमाने ती देऊ केली. गमऱ्यांना अपमान वाटला. "काकू, सगळे दात सारखे असले तर तो करार नव्हे. ती कवळी."

हे मी आज का लिहितोय ते पुढे येईल. मी आता एक्याऐंशीचा आहे, आणि काही गोष्टी पुढे येतील, पुढे येतील म्हणत मी फार वर्षं मागे ठेवल्या.

नव्वद सालाच्या अलीकडे-पलीकडे आम्ही लालबागच्या खोल्या सोडून भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात राहायला आलो. चार मजल्यांची बिल्डिंग, प्रत्येक मजल्यावर चार घरं. मी कांदिवलीच्या एका औषध कंपनीत डिस्पॅच क्लार्क होतो, मूळचा रत्नागिरीकडचा. गमरेही आमच्याच बाजूचे, खेडच्या आतल्या एका गावचे. फोर्टमधल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात ते सत्तावीस वर्षं टायपिस्ट होते. तिथल्या म्हाताऱ्या पारशी साहेबाचा नियम होता की ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाही तो शब्द टाइप करायचा नाही. बाकीचे टायपिस्ट हो म्हणाले आणि विसरले. गमऱ्यांनी वही घातली. ऑफिस बंद झालं तेव्हा वही आणि टाइपरायटर एवढं घेऊन ते भाईंदरला आले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. स्टेशनच्या पूर्वेला, एका झेरॉक्सवाल्याच्या पत्र्याखाली त्यांनी टेबल मांडलं. करारनामे, प्रतिज्ञापत्रं, नाव बदलण्याचे अर्ज.

टेबलावर पाटी होती: 'शब्द आधी, सही मग.'

गिऱ्हाइकाला घाई असायची, गमऱ्यांना नसायची. रेशनकार्डासाठी अॅफिडेव्हिट करायला आलेल्या माणसाला ते आधी खुर्चीवर बसवत. अॅफिडेव्हिट म्हणजे 'त्याने शपथ घेतली आहे'. घेणार आहे नव्हे, घेतो नव्हे. घेतली आहे, झालं, आता मागे नाही. "विचार करा, घरी जाऊन या, मग टाइप करू." माणूस घरी जायचा तो परत यायचा नाही, पलीकडच्या टायपिस्टकडे जायचा. एका दुकानदाराला त्यांनी मॉर्गेजमधला मॉर्ट म्हणजे मेलेला असं सांगितलं तेव्हा तो चप्पल न घालताच उठला.

सगळ्यात गाजला तो उत्तनजवळच्या पालीचा कोळी. होडी विकायची म्हणून कागद करायला आला होता. गमऱ्यांनी 'गुड्स अँड चॅटल्स' टाइप केलं आणि सवयीने सांगितलं की चॅटल आणि कॅटल एकाच मुळाचे, कारण जुन्या काळी माणसाची मालमत्ता म्हणजे गुरंढोरं. कोळी कागदावर वाकला. मग म्हणाला, "साहेब, माज्याकडं म्हस न्हाय. होडी हाय." गमऱ्यांनी पुन्हा मुळापासून सुरुवात केली. कोळ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "तुमी लिवा काय लिवायचं ते, पन म्हशी काडा." शेवटी गमऱ्यांनी म्हशी काढल्या. त्या दिवशी ते मला हे सांगताना हसत नव्हते. कायद्यातला एक शब्द आपण गिऱ्हाइकाच्या भीतीने गाळला, याची त्यांना खरोखर रुखरुख लागली होती.

मला म्हणजे, दर शनिवारी संध्याकाळी. बिल्डिंगमध्ये त्यांचं ऐकून घेणारा मी एकटाच. अर्धा दिवस भरून मी कांदिवलीहून यायचो, जिन्यात त्यांचं दार उघडं असायचं आणि आत स्टुलावर दोन कप आधीच मांडलेले असायचे. गवती चहा घातलेला कोरा चहा. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याखाली कायद्याची जाडजूड पुस्तकं, आणि त्याखाली गमरे. "ज्यांनी एवढा मोठा कायदा लिहिला त्यांच्या फोटोखाली बसून मी अर्थ न कळता बटणं दाबू?" असं ते एकदाच म्हणाले होते. पुन्हा म्हणायची गरज नव्हती.

दर शनिवारी एक शब्द. दोन मागितले तरी देत नसत. टेनन्ट म्हणजे धरून बसलेला. अॅटर्नी म्हणजे ज्याच्याकडे आपण तोंड वळवतो तो. 'गुड्स अँड चॅटल्स' असे दोन दोन शब्द का, असं मी विचारलं तेव्हा ते खूश झाले. "राजा फ्रेंच बोलायचा, रयत इंग्रजी. एकाला नाही कळलं तर दुसऱ्याला कळावं म्हणून दोन्ही लिहायचे. आपला वॉचमन नाही का ओरडत, पाणी आलं, पानी आया, पाणी आव्युं? तेच विलायतेचं कायद्याचं पुस्तक."

आणि कल्प्रिट. तो शब्द मला पाठ आहे. जुन्या कोर्टात कारकून आरोपीपुढे दोन खुणा लिहायचा. 'कल्' म्हणजे दोषी आहे, 'प्रिस्ट' म्हणजे सिद्ध करायला आम्ही तयार आहोत. पुढे कोणीतरी दोन्ही खुणा एका दमात वाचल्या आणि तो आरोपीचाच शब्द झाला. "म्हणजे परब," गमरे कप खाली ठेवत म्हणाले, "जगातल्या सगळ्या गुन्हेगारांचं बारसं आपल्यासारख्या एका कारकुनाने केलंय."

मी खूप हसलो होतो.

आता विहीर. बिल्डिंगच्या मागे मोकळी जागा होती आणि तिच्यात जुनी दगडी विहीर. पूर्वी तिथे कोणाची तरी भाजीची वाडी होती म्हणत. नळाला एक दिवसाआड अर्धा तास पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. विहिरीवर पंप बसवला होता, त्यावर सोळा घरं आंघोळी करत होती. एके दिवशी बिल्डरचा माणूस दिनेशभाई, पांढरा सफारी घातलेला, गोड बोलणारा, दोन पोरं घेऊन मागची जागा फितीने मोजून गेला. तिथे नवी विंग येणार होती.

सोळा घरांना घाम फुटला. मी सोसायटीचा सेक्रेटरी. सेक्रेटरी झालो कारण मीटिंगला मी उशिरा पोचलो होतो. गमऱ्यांनी सगळ्यांचे करारनामे मागवले आणि दोन दिवस टेबल बंद ठेवून वाचले. करारनाम्याला जोडलेल्या नकाशात विहीर आमच्या कंपाउंडच्या आत दाखवलेली होती. पण दिनेशभाईचा मालक, बिल्डर शेठ, कोर्टात जाऊन आपली बाजू एकट्यानेच सांगेल आणि आमच्याविरुद्ध मनाई हुकूम आणेल, अशी भीती होती. गमरे म्हणाले, कॅव्हेट टाकू.

"कॅव्हेट म्हणजे, सावध असावे. आपण कोर्टाला आधीच सांगून ठेवायचं की हा माणूस आला तर आम्हाला बोलावल्याशिवाय हुकूम देऊ नका. मुदत नव्वद दिवस. मग पुन्हा नवं टाकायचं."

पहिलं कॅव्हेट ते स्वतः ठाण्याच्या कोर्टात दाखल करून आले. त्याची नक्कल रजिस्टर पोस्टाने शेठला गेली, पोचपावतीचं कार्ड सही होऊन परत आलं, तेही फायलीत चिकटलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गमरे रोज सकाळी एक दिवस लाल पेन्सिलीने खोडायचे. नकळत मीही मोजायला लागलो. जिन्यातून जाताना उघड्या दारातून आधी कॅलेंडर दिसायचं, मग गमरे.

ऐंशीव्या दिवसाच्या सुमाराला गमऱ्यांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, उठायची ताकद नाही. आणि त्याच आठवड्यात दिनेशभाईने मला जिन्यात गाठलं. माझ्या हातात भाजीची पिशवी होती, ती त्याने माझ्याकडून काढून स्वतःच्या हातात घेतली आणि माझ्याबरोबर पायऱ्या चढू लागला.

"परबभाई, तुम्ही तर आपले घरचे माणूस. एक गोष्ट बोलतो, मनावर नका घेऊ हां. नकाशामधे तीनच माळे पास हाय. चौथा माळा नाय." माझ्या दारापर्यंत आला, पिशवी परत दिली. "आम्ही कुठे कोणाला बोलतो? पण तुम्ही कोर्टात नकाशा उघडायला लावणार, तर मग सगळाच उघडणार ना?"

मी चौथ्या मजल्यावर राहत होतो. अजूनही राहतो.

बायकोला मी सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. त्या दिवसापासून घराच्या भिंती मला वेगळ्या दिसायला लागल्या. रेडिओचा आवाज मोठा झाला तरी मी दचकायचो, जणू आवाजाने मजला पडेल. मुलीने भिंतीला खिळा ठोकायला घेतला तर तिच्या हातातून हातोडी काढून घेतली. ऑफिसात पार्सलावर पत्ते लिहिताना मला दिसायचं की पालिकेचे लोक घणाने फक्त आमचाच मजला काढतायत आणि खालचे तीन मजले बघतायत.

पंच्याऐंशीव्या दिवशी गमऱ्यांनी मला बोलावलं. अंथरुणावर बसून, पाठीला उशी लावून त्यांनी नवं कॅव्हेट टाइप करून ठेवलं होतं. तरी कागदावर एक खाडाखोड नव्हती. मग दुसरा कागद घातला, दोनदा मजकूर उमटला: 'कॅव्हेट एक, नक्कल एक. ठाणे कोर्टात दाखल करणे. शेठना नक्कल रजिस्टरने पाठवणे. घेणार श्री. परब.' कात्री चालवताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. त्यामुळे त्या कागदाला एक दात फार लांब आलाय.

मी रजा टाकली. घोडबंदर रस्त्याच्या एसटीने ठाण्याला गेलो. कोर्टाच्या फाटकापर्यंत पोचलो. आत काळे कोट, बाकांवर माणसं, एक पट्टेवाला नावं पुकारत होता. मला वाटलं, आता तो 'परब, चौथा मजला' म्हणणार. मी वळलो आणि तलावपाळीवर जाऊन बसलो. शेंगदाण्याच्या दोन पुड्या खाल्ल्या. कोर्टाच्या कामाला साधारण जितका वेळ लागेल तितका वेळ घड्याळ बघत बसलो आणि मग परतीची एसटी पकडली. कागद शर्टाच्या आत, पोटाशी होते. घामाने ओले झाले होते.

गमरे जागेच होते. मी म्हटलं, झालं.

"आणि आपला तुकडा?"

घरी राहिला, उद्या देतो, असं मी म्हटलं.

"हरकत नाही," ते म्हणाले. "शब्द आहे ना तुमचा?"

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. इतक्या विश्वासाने मिटले की मला तिथेच सांगून टाकावंसं वाटलं. पण तोवर मी दारात पोचलो होतो.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. गमरे रोज पोचपावतीच्या कार्डाबद्दल विचारायचे. मी पोस्टाला दोष द्यायचो. पोस्टमन जिन्यात दिसला की मी मोरीत जाऊन बसायचो, जणू न आलेलं कार्ड तो माझ्याच हातात देणार आहे. शेठला मात्र बरोबर कळलं असणार. पहिल्या वेळी कार्डावर सही घेतली होती, या वेळी काहीच आलं नव्हतं. मुदत टळून आठवडा झाला नसेल, तोच कोर्टाचा बेलिफ आला आणि बिल्डिंगच्या दारावर हुकूम चिकटवून गेला. मागच्या जागेत पाऊल टाकायला आम्हाला मनाई. तिसऱ्या दिवशी भिंत उभी राहिली. त्यानंतर दोन ट्रक आले आणि विहिरीत विटांचे तुकडे, माती, जुन्या लाद्या पडायला लागल्या. बायका गच्चीवरून बघत होत्या. विहीर भरायला पूर्ण दिवस लागला. बराच वेळ आत पडलेल्या दगडाचा आवाज पाण्याचा येत होता. मग मातीचा यायला लागला.

गमरे तशाच अशक्त अंगाने ठाण्याला जाऊन आले. कशाला गेले ते कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार, गच्चीवर मीटिंग.

सगळे बोलले. टँकरसाठी हंडे घेऊन रांगेत उभं राहिल्यावर माणूस जे बोलतो ते बोलले. साळवीकाकू तेवढ्या गप्प होत्या. इंग्रजी शब्दांची एवढी पोपटपंची, मग तुमचा तो सावध असावे झोपला कसा, असं कोणीतरी विचारलं. तिसऱ्या मजल्यावरचा एकजण, नाव सांगत नाही, आता तो नाही, उभा राहून म्हणाला, "चार शब्द आले म्हणजे वकील होतो का कोणी? माणसाने आपली पायरी ओळखावी."

पायरी हा शब्द कुठून आला ते त्या गच्चीवर कोणालाच समजावून सांगायची गरज नव्हती. गमऱ्यांना तर नव्हतीच.

ती वेळ होती. मी पाण्याच्या टाकीला टेकून उभा होतो. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरे होतं. पण पायाखाली माझंच घर होतं.

गमरे उठले. चष्मा पुसला.

"परबांनी कागद वेळेवर दाखल केला," ते म्हणाले. "चूक माझी आहे. शेठच्या नावात माझ्याकडून टायपिंगची चूक झाली. नाव जुळलं नाही, म्हणून कोर्टाला आपलं कॅव्हेट दिसलं नाही."

आणि खाली बसले.

सत्तावीस वर्षं ज्या माणसाने रबराला हात लावला नाही, तो सोळा घरांसमोर म्हणाला की मी नाव चुकवलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी टाकीकडे बघत राहिलो. टाकी रिकामी होती.

ही बातमी स्टेशनपर्यंत जायला वेळ लागला नाही. टायपिस्टने नाव चुकवलं म्हणजे हलवायाच्या मिठाईत झुरळ निघाल्यासारखं. गिऱ्हाईक तुटलं. काही महिन्यांनी झेरॉक्सवाल्याने ती जागा लॉटरीवाल्याला दिली आणि टेबल घरी आलं. 'शब्द आधी, सही मग' ही पाटी गॅलरीत तुळशीच्या कुंडीला टेकू म्हणून गेली.

मी शनिवारी जायचं बंद केलं. पहिल्या शनिवारी ताप आहे म्हणून, दुसऱ्या शनिवारी पाहुणे म्हणून, तिसऱ्या शनिवारी काही कारण द्यावं लागलं नाही. बिल्डिंगला जिना एकच. पहिला मजला आला की मी चपला हातात घ्यायचो. पन्नाशी उलटलेला माणूस, हातात डबा आणि चपला, मांजरासारखा भिंतीला चिकटून वर चढतोय. साळवीकाकूंनी एकदा पाहिलं आणि विचारलं, "परब, नवस बोललात की काय?"

दार उघडं असायचं. आत बघायचं नाही असं ठरवूनही शनिवारी दोन कप दिसायचे. आणि मी दारापुढून निघालो की आत टाइपरायटर सुरू व्हायचा. नेमका तेव्हाच. ठक ठक ठक, दोन-तीन ओळी, आणि बंद. मला वाटायचं, हा राग आहे. माणूस दार आपटतो तसं गमरे बटणं आपटतायत. मग मी उरलेले जिने पळत चढायचो.

असं सात-आठ वर्षं चाललं. चौथ्या मजल्याला या सगळ्या काळात कोणी हात लावला नाही. दंड भरून तो पुढे रीतसर झाला. मागच्या विंगमध्ये लोक राहायला आले, विहीर कुठे होती ते आता मलाही नीट सांगता येत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं असताना गमरे गेले. झोपेत, कोणाला त्रास न देता, शिडी परत आलेली असताना. नालासोपाऱ्याहून त्यांची पुतणी सुनंदा आली होती. घर आवरून झाल्यावर ती चौथ्या मजल्यावर आली आणि एक जाडजूड फाइल माझ्या हातात दिली.

"काकांनी यावर तुमचं नाव लिहिलंय," ती म्हणाली. "तुम्ही त्यांचे मित्र ना? शनिवारी कोणी यायचं असलं की म्हणायचे, शनिवारी नको, परब येतात."

मी हो म्हटलं. तेही खोटंच.

फायलीत आमच्या बिल्डिंगचा सगळा संसार होता. शिडी, इस्त्री, गणपतीची समई, साळवीकाकूंचा पाटा. तुकड्याला तुकडा लागलेला, प्रत्येकाखाली 'पूर्ण'. एका पानावर एकच तुकडा होता. खालचा. 'घेणार श्री. परब.' त्याच्या वर, जिथे दुसरा तुकडा यायचा तिथे, बारीक पेन्सिलीने तारीख होती, गच्चीवरच्या मीटिंगच्या आदल्या दिवसाची. आणि तीन ओळी.

'ठाण्याचं रजिस्टर पाहिलं. नोंद नाही.
नकाशात मजले तीन.
परब चौथ्यावर.'

एवढंच. शेरा नाही, दोष नाही. दोन दिवस टेबल बंद ठेवून त्यांनी नकाशा वाचला होता. विहीर दिसली त्याच दिवशी त्यांना मजलेही दिसले असणार. ते मला कधी बोलले नव्हते, कारण बोलले असते तर मी घाबरलो असतो.

माझा तुकडा हरवला नव्हता. पाकिटात, मुलीच्या फोटोमागे होता. तो काढून मी त्या पानावर लावला. तो लांब आलेला दात बरोबर आपल्या जागी गेला. चिकटवला मात्र नाही. 'व्यवहार पूर्ण' म्हणायचा अधिकार ज्याचा, तो गेला होता.

आणि त्यानंतरही मी गप्प राहिलो. हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर वरचं सगळं लिहून उपयोग नाही. आधी नोकरी होती, मग मुलीचं लग्न, मग सवय. गेल्या महिन्यात मी साळवीकाकूंना गाठलं. त्या काळातल्या तेवढ्याच उरल्यात. कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. गमऱ्यांच्या कागदात चूक नव्हती, कागद मी दाखलच केला नाही. त्या म्हणाल्या, "कोण, शिडीवाले? ते कुठे चुकणार."

म्हणून हे छापायला देतोय. त्या बिल्डिंगमधून जे विरार, नाशिक, कुठे कुठे गेले, त्यांच्यापर्यंत पोचलं तर पोचावं. शेठच्या नावात टायपिंगची चूक नव्हती. मी शपथ घेतली आहे. घेणार आहे नव्हे.

फायलीच्या शेवटी टाइप केलेल्या कागदांचा एक गठ्ठा आहे. मी तो त्या वेळी बघून मिटला होता. वर लिहिलंय, 'परबांना सांगायचे राहिलेले शब्द.' प्रत्येक नोंदीपुढे तारीख, प्रत्येक तारीख शनिवारची. एकही शनिवार चुकलेला नाही. दोन-तीन ओळींची एक नोंद, मी जिन्यावरून चढत असताना ऐकू यायची तेवढीच. सबपीना. ज्युरी. कर्फ्यू, म्हणजे 'विस्तव झाका'. साइने डाय, म्हणजे पुढची तारीख न देता तहकूब. मी रोज एकच वाचतो. दोन वाचत नाही.

शेवटच्या नोंदीत अक्षरांचे ठसे फिकट आहेत. फीत संपत आली असावी, किंवा बोटांत जोर नसावा.

'पॅरोल. मूळ फ्रेंच. अर्थ, शब्द. नुसता दिलेला शब्द. कैद्याला त्याच्या शब्दावर सोडतात. पहारा ठेवत नाहीत. तो आपणहून परत येईल असं धरून चालतात. परब आले की सांगणे.'